प्रयोजनाचा रकाना

प्रवासाला निघण्यापूर्वीच प्रवासाविषयी लिहिणे हा दोन्ही अर्थांनी अगाऊपणा आहे, याची आम्हाला कल्पना आहे. आम्ही ऑस्ट्रेलियाला अजून गेलेलो नाही. पुढच्या जून महिन्यात जाण्याचा विचार आहे. दक्षिणेकडच्या अ‍ॅडलेडहून निघायचे आणि खंडाच्या मधोमध, ज्याला तिकडे आउटबॅक म्हणतात त्या प्रदेशातून, गाडीने उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत जायचे, असा तो बेत आहे. त्यासाठी गेले आठ महिने आमच्या टेबलावरची एक दोनशे पानी वही भरत चालली आहे. तीत अंतरे आहेत, पाण्याचे हिशेब आहेत, खोडलेले मार्ग आहेत आणि आम्हा दोघांच्या अक्षरांत एकमेकांवर केलेल्या काही तिरकस नोंदीही आहेत. आमचे म्हणणे असे की मराठी प्रवासवर्णनकार ज्या पानांना प्रस्तावनेतसुद्धा जागा देत नाहीत, त्या पूर्वतयारीच्या पानांतच, निदान या प्रदेशापुरता तरी, प्रवासाचा बराचसा अर्थ असतो. आणि ती पाने फेकून दिल्यामुळेच आपल्याकडे दूरच्या भूमीविषयी 'निर्मनुष्य', 'ओसाड', 'अनाघ्रात' अशी विशेषणे इतक्या सहज लिहिली जातात.

वहीतला पहिला आराखडा आता हास्यास्पद वाटतो. पाचेक वर्षांपूर्वी अ‍ॅडलेडला स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही तो पाठवला होता. नऊ दिवसांत डार्विन, वाटेत उलुरू, परतताना जमल्यास आणखी एखादी कच्ची वाट. त्याचे उत्तर अत्यंत नम्र होते. 'सर, मॅडम, आपण हे एसटीच्या वेळापत्रकासारखं केलंय,' एवढेच त्याने लिहिले आणि सोबत काही आकडे पाठवले. अ‍ॅडलेड ते पोर्ट ऑगस्टा सुमारे तीनशे किलोमीटर. तिथून डार्विनपर्यंतचा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटर. हा हायवे शेवटपर्यंत डांबरी झाला तोच मुळी १९८७ साली. ग्लेन्डाम्बो आणि कूबर पीडी या दोन ठिकाणांमध्ये २५४ किलोमीटर अंतर आहे आणि त्या अंतरात पेट्रोलचा एकही पंप नाही. आमच्याकडे अडीचशे किलोमीटरमध्ये दोन जिल्हे, एक घाट आणि चहाच्या किमान दोनशे टपऱ्या लागतात. अंतर ही गोष्ट आपण किलोमीटरमध्ये मोजतच नाही, थांब्यांमध्ये मोजतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

शिवाय अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाड्यांच्या बहुतेक करारांत वस्तीबाहेरच्या रात्रीच्या अपघाताला विम्याचे संरक्षण नसते. समोरून येणारा मालवाहू ट्रक तीन-चार डबे जोडलेला, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचा असू शकतो. त्याला ओलांडून पुढे जाण्यासाठी किती मोकळा रस्ता लागेल याचा हिशेब आमच्यापैकी एकाने वहीत मांडला आहे आणि दुसऱ्याने त्याखाली 'ओलांडायचेच नाही' असे लिहिले आहे. जूनमधला दिवस तिकडे हिवाळ्यातला, लहान. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचच्या नंतर थांबायचे म्हटले की नऊ दिवसांचे सोळा होतात. मग उन्हाळ्यात का नको, असे आमच्या एका नातेवाइकांनी विचारले. याच पट्ट्यातल्या ऊडनाडट्टा गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमानाची नोंद झालेली आहे, हे त्याला उत्तर. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, त्यात नद्या रस्त्यांवर येतात. राहता राहिले मधले कोरडे महिने. पण त्यांतही वाळवंटातल्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा स्वेटर.

हे झाले व्यवहाराचे. आता शब्दाकडे वळतो, कारण आमचा धंदा शब्दांचा आहे. 'आउटबॅक' या शब्दात 'बाहेर' आणि 'मागे' असे दोन अर्थ एकत्र आहेत. कोणाच्या मागे? किनाऱ्यावरच्या शहरांत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या मागे. तिथे हजारो वर्षे राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती जागा मागे नाही आणि बाहेर तर नाहीच. आम्ही मराठवाड्यात शिकवतो. 'मागे' पासून झालेला 'मागास' हा शब्द आमच्या भागासाठी सरकारी कागदांवर इतका वापरला गेला आहे की त्यातली दिशा आता कोणाला जाणवतही नाही. तो उच्चारणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न आम्ही वर्गात अधूनमधून विचारतो आणि विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहतात.

पाण्याचा रकाना मात्र आम्ही कोणाला न विचारता भरला. माणशी दिवसाला दहा लिटर, गाडी बंद पडली तर तीन दिवस पुरेल एवढा साठा, आणि सगळे पाणी एकाच कॅनमध्ये नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात दहा लिटरमध्ये घरातले काय काय भागते आणि काय भागत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याला याचेच सर्वाधिक आश्चर्य वाटले. तोही आमच्याकडचाच, पण २०१६ साली तो पुण्यात होता.

पाण्याच्या या रकान्यावरून आम्ही जुन्या वाटेकडे वळलो. मारी ते मार्ला अशी सुमारे सहाशे किलोमीटरची एक कच्ची वाट आहे, ऊडनाडट्टा ट्रॅक नावाची. नकाशावर ती विनाकारण वळणे घेत गेल्यासारखी दिसते. कारण पाहू गेलो तर तिचे वळण न् वळण झऱ्यांनी ठरवलेले आहे. या भागाच्या खाली भूजलाचे फार मोठे खोरे आहे आणि त्याचे पाणी काही ठिकाणी जमिनीवर येते. या झऱ्यांवरून तिथल्या मूळ रहिवाशांचा व्यापार चाले. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा स्कॉटिश मोजणीदार याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकत गेला आणि अनेक प्रयत्नांनंतर १८६२ साली उत्तर किनाऱ्याला पोचला. त्याच्या मार्गाच्या आधाराने तारयंत्राची लाइन टाकली गेली आणि १८७२ मध्ये तिची दोन टोके जुळली. पुढे याच झऱ्यांच्या वाटेने रेल्वे आली, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणीच लागते. ती १८९१ साली ऊडनाडट्टाला पोचली आणि १९२९ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला. म्हणजे शोधप्रवासी, तारखाते आणि रेल्वे या तिघांच्याही नियोजनाचा मूळ मसुदा दुसऱ्याच कोणाचा तरी होता. हायवेला मात्र त्या स्टुअर्टचे नाव आहे. संहिता एकाची आणि मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार वाङ्मयेतिहासाच्या अध्यापकांना नवा नसावा.

या रेल्वेचे नाव 'द घॅन'. ते तिथल्या उंटवाल्यांवरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. प्रत्यक्षात त्यांत बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी मेलबर्नच्या बंदरात जे चोवीस उंट उतरले ते कराचीहून आणलेले होते, आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. आमच्या ज्या वाङ्मयाला आम्ही 'इलाख्यातले अव्वल इंग्रजी काळातले गद्य' म्हणून शिकवतो, ते आणि हे उंट एकाच गव्हर्नराच्या कारकिर्दीतले. पुढे ब्रोकन हिल या खाणींच्या गावी उंटवाल्यांनी पत्र्याची मशीद बांधली. तिच्यात कुराण म्हणून जपलेला एक ग्रंथ प्रत्यक्षात कोलकात्यात छापलेला बंगाली पद्यग्रंथ, 'कासासोल अंबिया', निघाला. सामिया खातून या इतिहासकार स्त्रीने या ग्रंथाचा माग काढत 'ऑस्ट्रेलियनामा' हे पुस्तक २०१८ मध्ये लिहिले. भारतीय भाषांच्या विभागांत ते वाचले जायला हवे. वाळवंटात पुस्तक कोण नेतो, या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेपाशी आमची वही बरेच दिवस थांबली. प्रवासाच्या पूर्वतयारीचा अभ्यास करायचा तर त्याहून बोधप्रद उदाहरण नाही. २० ऑगस्ट १८६० रोजी मोहीम मेलबर्नहून निघाली तेव्हा सामान सुमारे वीस टनांचे होते. त्यात देवदाराच्या फळीचे एक ओक लाकडाचे टेबल होते, खुर्च्या होत्या, अग्निबाण होते, एक चिनी घंटा होती. यादी करणाऱ्यांनी काही म्हणून विसरू दिले नव्हते. मात्र उंटांबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या सिपायांपैकी साम्ला नावाचा एक हिंदू उंटवाला होता. शिध्यात मांस होते, ते त्याला खाता येईना. थोड्याच दिवसांत त्याने रजा घेतली आणि तो परत फिरला. मोहिमेच्या इतिहासांत हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो. आमच्या दृष्टीने तो तळटीप नाही. चिनी घंटा आठवलेल्या यादीत एका माणसाचे जेवण आठवलेले नव्हते. (आमच्या स्वतःच्या यादीतही आम्ही हा दोष केला होता. सोबत येऊ म्हणणारे एक सहकारी चातुर्मास पाळतात आणि आमचा मूळ बेत ऑगस्टचा होता. ते काही बोलले नाहीत, फक्त 'मला जमेलसं वाटत नाही' म्हणाले.)

पुढचे सर्वज्ञात आहे, तरी संक्षेपाने सांगतो. कूपर क्रीकच्या काठी काही माणसे ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे हे चौघे उत्तरेकडे गेले. ठेवलेल्या माणसांनी चार महिन्यांवर वाट पाहिली आणि २१ एप्रिल १८६१ रोजी सकाळी तळ उठवला. जाताना झाडाच्या खोडावर 'खणा' असे कोरून त्यांनी खाली अन्न पुरून ठेवले. त्याच दिवशी संध्याकाळी बर्क, विल्स आणि किंग तिथे पोचले. ग्रे वाटेतच मरण पावला होता. त्यांनी खणले, अन्न घेतले, स्वतःची चिठ्ठी त्याच खड्ड्यात ठेवून माती पुन्हा होती तशी केली, पण खोडावरची खूण बदलली नाही. काही दिवसांनी तळावरचा माणूस परत येऊन पाहून गेला. त्याला सगळे जसेच्या तसे दिसले आणि तो निघून गेला. वाचन आणि लेखन यांतल्या तफावतीने माणसे मेल्याचे हे उदाहरण आम्ही एम.ए.च्या वर्गात संहितेच्या चर्चेत वापरू लागलो आहोत.

त्यानंतरचे दोन महिने अधिक अस्वस्थ करतात. त्या काठावर यांड्रुवांढा लोक राहत होते. त्यांनी या उपाशी माणसांना मासे दिले, नारडू नावाच्या पाणवनस्पतीच्या बीजांच्या भाकऱ्या दिल्या. एका प्रसंगी बर्कने त्यांना दूर ठेवण्यासाठी बंदूक झाडली आणि भेट म्हणून आणलेले मासे झिडकारले. पुढे या तिघांनी नारडू स्वतः गोळा करून, दळून खायला सुरुवात केली आणि पोट भरत असूनही ते खंगत गेले. नारडूत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे एक द्रव्य असते, यांड्रुवांढांच्या भाजण्याच्या आणि पाण्यासह वाटण्याच्या रीतीने त्याचा जोर कमी होतो आणि मोहिमेतल्या माणसांनी ती रीत उचललीच नाही, असे आजचे संशोधक मानतात. जूनच्या अखेरीस विल्स आणि बर्क मरण पावले. जॉन किंग तेवढा यांड्रुवांढांच्या वस्तीत जाऊन राहिला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला. हा किंग पूर्वी हिंदुस्थानात सैनिक होता, उंटांबरोबर कराचीहून तिकडे गेलेला. परक्या वस्तीत जाऊन राहायचे कसे, हे तो हिंदुस्थानात शिकला असेल असे म्हणण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण पुरावा नाही, म्हणून ते वाक्य वहीत खोडलेले आहे.

ज्या प्रदेशाला 'निर्मनुष्य' म्हणून शाळेतल्या पुस्तकांत शिकवले गेले, त्या प्रदेशात ही माणसे माणसांच्या शेजारी राहून मेली. पॅट्रिक व्हाइटची 'व्हॉस' (१९५७) ही कादंबरी १८४८ साली वाळवंटात नाहीसा झालेल्या लुडविग लाइखहार्ट या जर्मन प्रवाशावरून सुचलेली आहे. महत्त्वाची कादंबरी आहे आणि आमच्यापैकी एकाची अत्यंत आवडती. पण वाळवंट हे एका श्रेष्ठ आत्म्याच्या कसोटीसाठी उभारलेले नेपथ्य आहे, हा समज तिने दृढ केला, असे आमचे मत आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की कादंबरी त्या समजाचीच चिकित्सा करते. हा वाद वहीच्या चौदा पानांवर पसरलेला आहे आणि तो इथे सोडवण्याचा आमचा हेतू नाही.

वादाचे दुसरे कारण अगदी साधे होते. गाडी बंद पडली तर काय करायचे? तिकडचा नियम एकच आहे आणि तो पर्यटकांच्या माहितीपत्रकापासून पोलिसांपर्यंत सगळे सांगतात. गाडी सोडायची नाही. सावलीत बसायचे, पाणी जपायचे आणि कोणीतरी येण्याची वाट पाहायची. १९६३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले पाच जणांचे एक कुटुंब बर्ड्‌सव्हिल ट्रॅकवर इंधन संपल्यावर गाडी सोडून निघाले आणि पाचही जण पाण्यावाचून मेले. आमच्यापैकी एकाला हा नियम पटत नव्हता. अडचणीत माणसाने हातपाय हलवायचे असतात, हा आपल्याकडचा संस्कार, आणि चालत गेल्यावर कुठेतरी वस्ती लागतेच हा आपल्याकडचा अनुभव. दोन-अडीचशे किलोमीटरची पंढरीची वाट पायी चालून गेलेल्या घरातल्या माणसाला 'बसून राहा' हा सल्ला भेकडपणाचा वाटतो. शेवटी विद्यार्थ्याचा फोन आला. इतर वेळी तो फार बोलत नाही. 'सर, तुम्ही मला वचन द्या, नाहीतर मी गाडी बुक करणार नाही,' असे तो म्हणाला. वचन दिले आहे. शहरे आणि मोठ्या वस्त्या सोडल्यास मोबाइलला रेंज नसते, तेव्हा सॅटेलाइट फोन भाड्याने घेण्याचेही ठरले आहे.

आता परवानगीविषयी. इथे आमच्या बेताचे स्वरूपच बदलले. उलुरूहून पश्चिमेला पर्थच्या दिशेने जाणारी, हजार किलोमीटरहून लांब अशी एक कच्ची वाट आहे, ग्रेट सेंट्रल रोड. एका टप्प्यावर आम्ही डार्विन सोडून ही वाट धरण्याचा विचार करत होतो. तेव्हा कळले की ती मूळ रहिवाशांच्या मालकीच्या भूमीतून जाते आणि नुसते पार होण्यासाठीही आधी परवाना काढावा लागतो. महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठ्या असलेल्या आणि जेमतेम अडीच लाख लोकवस्तीच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या भूमिहक्क कायद्यानंतर जवळपास निम्मी जमीन मूळ रहिवाशांच्या नावे झालेली आहे. आमची पहिली प्रतिक्रिया, प्रांजळपणे सांगायचे तर, त्रासिक होती. रस्ता आहे, गाडी आहे, मग विचारायचे काय? हे वाक्य आपण कोणाच्या तोंडून पूर्वी वाचले आहे, हे लक्षात यायला दोन दिवस लागले.

उलुरूबाबतही असेच झाले. १८७३ साली तिथे गेलेल्या एका मोजणीदाराने त्या प्रचंड शिलेला एअर्स रॉक असे एका राजकारण्याचे नाव दिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ती भूमी अनांगू लोकांना कायदेशीररीत्या परत मिळाली. ती त्यांनी लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने दिली आणि 'कृपया वर चढू नका' अशी विनंती वर्षानुवर्षे केली. लोक चढतच राहिले. शिलेवर रांगेने सरकणाऱ्या या पाहुण्यांना अनांगू 'मिंगा' म्हणतात, म्हणजे मुंग्या. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढणे कायमचे बंद झाले. त्याआधीच्या महिन्यांत चढणाऱ्यांची गर्दी उसळली होती. बंदीच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना 'आपली संधी हुकली' असे वाटले होते. गडकिल्ल्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला उंचवटा दिसला की चढावेसे वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण गाभाऱ्याच्या कळसावर आपण चढत नाही आणि त्यासाठी पाटीही लावावी लागत नाही.

'आपली संधी' या शब्दप्रयोगापाशी आम्ही व्याकरणाचे अध्यापक म्हणून अडखळलो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे एक, सामावून घेणारे दुसरे. इंग्रजीत तो नाही. मॅटरँकाजवळच्या एल्सी या गुरांच्या वाडीवर वर्षभर राहिलेल्या जिनी गन यांचे 'वी ऑफ द नेव्हर नेव्हर' (१९०८) हे पुस्तक ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्या नावाचा मराठी अनुवाद करू गेले की पहिल्याच शब्दाला निर्णय करावा लागतो. 'आम्ही' की 'आपण'? त्या वाडीवर ज्यांच्या श्रमावर सगळे चालत होते ती मूळ रहिवासी माणसे त्या 'वी' मध्ये आहेत की नाहीत? इंग्रजी शीर्षकाला हे झाकून ठेवता येते, मराठी शीर्षकाला नाही. आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस बोलल्या जाणाऱ्या वार्लपिरी भाषेलाही नाही. तिच्यात दोघांसाठी आणि अनेकांसाठी वेगवेगळी, आणि त्या प्रत्येकात ऐकणाऱ्याला धरून किंवा सोडून, अशी 'आम्ही-आपण' ची चार रूपे आहेत. अनेक जणांत तुम्हालाही धरून म्हणायचे तर 'ङालिपा', तुम्हाला सोडून म्हणायचे तर 'ङानिम्पा'. या लेखात आम्ही सर्वत्र 'आम्ही' वापरले आहे ते लेखकीय प्रथेमुळे. वहीत मात्र आमच्या नकळत 'आपण' येत होते: आपण इथे थांबू, आपण हा भाग ओलांडू. तो भाग ज्यांचा, ते त्या 'आपण' मध्ये नव्हते.

मराठी प्रवासवर्णनात हे आधी कसे होते? विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' कडे आम्ही मुद्दाम पुन्हा गेलो. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने निघण्याची कारणे लपवलेली नाहीत. घरावर कर्ज आहे, उत्तरेत यज्ञ होणार असल्याची वार्ता आहे, दक्षिणा मिळेल अशी आशा आहे, वडिलांची परवानगी मिळवायची आहे, सोबत काका आहेत. आणि परतीच्या वाटेवर आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड आहे. कोणासाठी निघालो, कोणाला विचारले, पाणी कोणाचे आणि कोणाकरिता, हे सगळे तिथे मजकुरात आहे. विसाव्या शतकात परदेशप्रवास विमानाने आणि हौसेने होऊ लागल्यावर ही कारणे मजकुरातून गळाली आणि निवेदक थेट विमानतळावर प्रकट होऊ लागला. त्या लेखनातली विनोदबुद्धी, निरीक्षण, भाषेचे लाघव यांचे मोल आम्ही कमी करत नाही. आम्ही त्यावरच पोसलो आहोत. परंतु तिथे प्रवासी हा पाहणारा असतो आणि भूमी ही दाखवली जाणारी. विचारणे त्यात कुठे बसत नाही.

याहून जुने एक उदाहरण आमच्याच अभ्यासक्रमाच्या कडेला पडून आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा दिशेदिशेने नोंदवलेल्या आहेत. वर्गात ती भाषेच्या नमुन्यासाठी वाचली जाते. एखादी भूमी कोणाच्या तरी चालण्याने अर्थपूर्ण झालेली आहे आणि ती वाट नंतरच्यांनी शब्दांतून जपायची आहे, ही कल्पना मराठीला परकी नाही, एवढेच आम्हाला त्यावरून म्हणायचे आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या लोकांची गीते वाट, पाणी आणि पूर्वज यांना एकत्र गुंफतात. ब्रूस चॅटविनच्या 'द साँगलाइन्स' (१९८७) मुळे ती कल्पना जगभर गेली. ही दोन एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. तुलनाकारांच्या उत्साहाने अशा ठिकाणी बरेच नुकसान केलेले आहे, आणि खुद्द चॅटविनवरही परक्याच्या घाईने लिहिल्याचा आक्षेप घेतला गेला.

बेताची आजची स्थिती अशी आहे. डार्विन कायम आहे. उलुरूला दोन दिवस आहेत, पायथ्याच्या वाटेने चालण्यासाठी. मारी ते ऊडनाडट्टा हा झऱ्यांचा भाग करायचा की नाही, हे पाऊस पडून वाट बंद आहे का त्यावर ठरेल. कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी आणि तिचा वेगळा विमा यांचे भाडे आम्हाला परवडेल का, यावरही. कूबर पीडीला एक रात्र जमिनीखालच्या खोलीत. या गावाच्या नावाचा मूळ अर्थ 'गोऱ्या माणसाचे बीळ' असा सर्वसाधारणपणे सांगितला जातो. तो खरा असावा अशी आमची इच्छा आहे.

ग्रेट सेंट्रल रोड आम्ही सोडून दिला होता. गेल्या आठवड्यात आमच्यापैकी एकाने तो पुन्हा वहीत घेतला आहे, संपूर्ण नव्हे, उलुरूच्या पश्चिमेला काही अंतर जाऊन त्याच वाटेने परत. त्यासाठी परवान्याचा अर्ज भरायला बसलो. नावे, गाडी, तारखा हे लगेच झाले. पुढच्या रकान्यात प्रवासाचे प्रयोजन विचारले होते. दर वर्षी जुलैमध्ये आम्ही मम्मटाची काव्यप्रयोजने फळ्यावर लिहितो, यश आणि अर्थ यांपासून सुरुवात करून, आणि त्यावर दोन तासिका सहज बोलतो. त्या रकान्यात आधी 'पर्यटन' लिहिले, ते खोडले. 'अभ्यास' लिहिले, तर कोणाचा आणि कोणाला विचारून, असे दुसऱ्याने समासात लिहिले. अर्ज अजून टेबलावर आहे. पोचायला वेळ लागतो, महिनाभर आधी पाठवा, असे विद्यार्थ्याने कळवले आहे.